मोटार गुणगुणूं लागली म्हणजे

स्वयंपाकघरांत पाठमोरी उभी असलेली गृहिणी फोडणी तडतडली कीं नाहीं हें न पाहतांहि सांगते. पिठाच्या गिरणीचा मालक गिऱ्हाइकांशीं बोलतां बोलतां मध्येंच उठून पट्ट्याकडे जातो. कारण पट्टा घसरूं लागल्याचें त्याच्या कानाला अगोदरच कळलेलें असतें. विहिरीवरच्या मोटेच्या चाकाची कुरकुर वाढली म्हणजे शेतकरी त्याच्या आंसाला तेल घालीत असे. ज्याचें ज्या यंत्रावर पोट, त्याचा कान त्या यंत्राच्या आवाजाशीं असा बांधलेला असतो. मोटारींतून हिंडणारीं आपण शहरी माणसें मात्र याला अपवाद आहोंत. गाडींतून एखादा नवा आवाज येऊं लागला, तर आपण कांच वर करतों. आणि तरीहि तो ऐकूं आला, तर गाडींतला रेडिओ मोठा करतों!

हें सांगण्याची पाळी रेडिओवरूनच बोलणाऱ्या मनुष्यावर यावी, हें थोडें चमत्कारिक खरें. पण आज थोडा वेळ आपण माझें ऐकावें, आणि उद्यां गाडींत बसल्यावर रेडिओ बंद करून गाडीचें ऐकावें, एवढीच माझी विनंति आहे. मोटारीच्या सर्व तक्रारींचा विचार आज करावयाचा नाहीं. इंजिनाच्या पुढच्या भागांतून, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या यंत्रांतून जी गुणगुण किंवा किंकाळी येते, तेवढ्याच एका तक्रारीसंबंधानें मी बोलणार आहें.

बॉनेट उघडलें म्हणजे इंजिनाच्या एका बाजूस काळ्या रबराचा पट्टा अनेक पुल्यांवरून वळसे घेत गेलेला दिसतो. इंजिनाचा मुख्य दांडा, ज्याला क्रँकशाफ्ट म्हणतात, त्याच्या टोकाची पुली हा पट्टा ओढते, आणि पट्टा इतर पुल्यांना फिरवितो. त्यांतली एक अल्टरनेटरची. हें यंत्र वीज निर्माण करून बॅटरी भरीत राहतें. दुसरी वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरची. पुष्कळ गाड्यांत तिसरी पुली इंजिनांतून पाणी खेळविणाऱ्या पंपाची असते. आणि ज्या गाड्यांचें स्टिअरिंग तेलाच्या दाबानें हलकें केलेलें असतें, त्यांत चौथी त्या तेलाच्या पंपाची. यांशिवाय दोन पुल्या अशा असतात कीं, त्या स्वतः कोणतेंच यंत्र चालवीत नाहींत. एक पट्ट्याला नुसतें वळण देते, तिला आयडलर म्हणतात. दुसरी स्प्रिंगच्या जोरानें पट्टा ताणून धरते, ती टेन्शनर. वरवर पाहतां या दोघी बिनकामाच्या; परंतु पुढें आपल्याला दिसून येईल कीं, घरांत गडबड झाली तर तिचें मूळ पुष्कळदां यांच्यापाशींच सांपडतें.

या पट्ट्याचा वंश फार जुना आहे. जुन्या कारखान्यांत छताखालून एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे रुंद, सपाट पट्टे एकेका यंत्रापर्यंत खालीं आलेले असत. सपाट पट्टा घसरतो, म्हणून त्याला राळ लावीत. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंतील जॉन गेट्स यानें पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा प्रचारांत आणला. हा पट्टा पुलीच्या खांचेंत रुतून बसतो, त्यामुळें त्याची पकड सपाट पट्ट्याहून घट्ट असते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या ज्या मोटारी मुंबईंत कुर्ल्याला तयार होत, आणि पुढें पद्मिनी या नांवानें ज्या घरोघरीं परिचित झाल्या, त्यांत असाच पाचरी पट्टा होता. तो रेडिएटरचा पंखाहि फिरवी, म्हणून त्याला फॅनबेल्ट हें नांव पडलें. १९७९ च्या फोर्ड मस्टँग मोटारींत एकच लांब, चपटा व आंतून उभ्या रेघांचा पट्टा सर्व यंत्रांसाठीं आला, आणि आतां बहुतेक गाड्यांत तोच असतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत पंखा विजेवर फिरतो. तरीहि आपले मेस्त्री त्या पट्ट्याला फॅनबेल्टच म्हणतात.

आतां आवाज कां होतो, हें पाहूं. गाडी उभी असून इंजिन चालू असतें, तेव्हां क्रँकशाफ्ट मिनिटाला सुमारें ८०० फेरे घेतो. अल्टरनेटरची पुली आकारानें लहान असल्यामुळें ती त्याच वेळीं अडीच ते तीन पट, म्हणजे मिनिटाला २,००० हून अधिक फेरे घेत असते. मोठ्या रस्त्यावर इंजिन ३,००० वर गेलें, तर अल्टरनेटर ८,००० च्या आसपास जातो. इतक्या वेगानें फिरणारा दांडा पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर तोललेला असतो, आणि त्या गोळ्यांभोंवतीं वंगणाचा पातळ थर असतो. वंगण वाळलें, किंवा त्यांत पाणी व धूळ शिरली, कीं गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात; आणि त्या खड्ड्यांवरून गोळ्या धांवूं लागल्या म्हणजे जो आवाज निघतो, तीच आपल्या गाडीची गुणगुण. वेग वाढला कीं तिचा सूर चढतो. वेग उतरला कीं उतरतो.

हे आवाज मुख्यतः चार प्रकारचे असतात, आणि सुदैवानें आपल्या भाषेंत त्यांच्यासाठीं शब्दांची वाण नाहीं. पहिली किंकाळी. ही पट्टा घसरल्याची खूण. सकाळीं गाडी सुरू करतांच, वातानुकूलन लावतांच, किंवा स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवितांच ती उठते आणि बहुधा थोड्या वेळानें थांबते. कारण त्या त्या क्षणीं पट्ट्यावर एकाएकी भार आलेला असतो. दुसरी चिमणीसारखी चिवचिव. ही ठराविक ताल धरून येते. एखादी पुली रेषेंतून किंचित् बाहेर गेली असतां, किंवा पट्ट्याच्या रेघांत बारीक खडा अडकला असतां ती ऐकूं येते. तिसरी अखंड गुणगुण. ही बेअरिंगची, आणि तेलाचें स्टिअरिंग असेल तर तेल कमी होऊन पंपांत हवा शिरल्याचीहि असूं शकते. चौथी घरघर अथवा खरखर. ही गुणगुणीचीच पुढची पायरी होय. बेअरिंग झिजून सैल झाल्याचें ती सांगत असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणें धोक्याचें असतें.

हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालें होतें, असें मी म्हटलें तर तें खोटें ठरणार नाहीं. पण त्याचा उपयोग कसा करावयाचा, हें मात्र मी पिरंगुटला शिकलों. तो प्रसंग सांगितल्यावांचून आजचा विषय पुरा होणार नाहीं.

पुण्याहून कोंकणांत उतरण्याचा एक रस्ता कोथरुड, चांदणी चौक, भूगांव, भुकूम असा जाऊन एक लहानसा घाट ओलांडतो व पिरंगुटला येतो. तेथून पौड, मुळशी धरणाचा कांठ आणि ताम्हिणी घाट उतरून तो माणगांवला मुंबई-गोवें रस्त्याला मिळतो. मुठा खोऱ्याकडे व टेमघर धरणाकडे जाणारी वाटहि पिरंगुटलाच फुटते. आजूबाजूला कारखाने असल्यामुळें येथें मालमोटारींची वर्दळ असते, आणि जेथें वर्दळ तेथें गॅरेजें. पिरंगुट-पौड सोडल्यावर मात्र पुढें ताम्हिणीच्या जंगलांत हाकेला ओ देणारा मनुष्य लवकर भेटत नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं टेलिफोनहि लागत नाहीं.

गौरीगणपतीच्या दिवसांत आम्ही चौघें, म्हणजे मी, माझी पत्नी, मुलगी आणि सत्तरी उलटलेली माझी आई, माणगांवाकडे निघालों होतों. गाडीची गुणगुण त्यापूर्वीं महिनाभर चालूच होती. शहरांतल्या एका गॅरेजमध्यें मीं ती दाखविलीहि होती. म्हणजे ‘दाखविली’ असें म्हणणें बरोबर नाहीं. मीं तेथें जाऊन ऐटीनें सांगितलें, “अल्टरनेटरचें बेअरिंग गेलेलें दिसतें.” कोठें तरी वाचलेलें होतें! गॅरेजवाल्यांनीं माझ्यासारख्या सुशिक्षित गिऱ्हाइकाचा शब्द मोडला नाहीं. नवा अल्टरनेटर बसला, कित्येक हजार रुपये गेले, आणि चार दिवसांनीं गुणगुण पूर्ववत् सुरू झाली. दोष त्या गॅरेजचा नव्हे. वैद्याकडे जाऊन आपणच रोगाचें निदान सांगणाऱ्या रोग्याचा जो दोष, तोच माझा.

पिरंगुटचा घाट चढतांना त्या गुणगुणींत खरखर मिसळली. आईच्या ध्यानांत ती प्रथम आली. ती म्हणाली, “अरे, आपल्या जुन्या शिवणयंत्राचें चाक असंच वाजायचं, आणि मग एक दिवस अडकलं.” घाट उतरतांच रस्त्याच्या कडेला एक गॅरेज दिसलें, तेथें मीं गाडी थांबविली. पत्र्याच्या छपराखालीं साठीच्या घरांतले एक मेस्त्री चहा पीत बसले होते. मीं संवयीप्रमाणें अल्टरनेटरची कथा सांगावयास आरंभ केला. त्यांनीं हातानें थांबविलें आणि ते म्हणाले, “सायेब, काय बदललं त्ये मागनं सांगा. आवाज कवा येतो आन् कवा जातो, त्येवढं आदी सांगा.”

आणि मग त्यांनीं पांच प्रश्न विचारले. गाडी थंड असतांना येतो, कीं तापल्यावर? गाडी उभी असतांना इंजिन रेस केलें तर येतो, कीं गाडी धांवतांनाच येतो? एसी लावला तर वाढतो का? वळण घेतांना वाढतो का? दिवे लावले तर वाढतो का? श्रोतेहो, महिनाभर मी तो आवाज रोज ऐकत होतों. पण या पांचांपैकीं तीन प्रश्नांचीं उत्तरें मला देतां आलीं नाहींत. मीं ऐकलें नव्हतें; मला नुसतें ऐकूं आलें होतें.

या प्रश्नांतला एकेक प्रश्न म्हणजे एकेक चाळण आहे. पहिल्यानें ऋतूचा व वेळेचा उलगडा होतो: पावसाळ्यांत सकाळीं ओलसर पट्टा थोडा वेळ ओरडून गप्प झाला, तर तो ढिला किंवा जुना झाला असेल; पण गाडी तापल्यावर वाढत जाणारा आवाज बेअरिंगवर संशय आणतो. दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाडी जागच्या जागीं उभी करून, गिअर न घालतां इंजिनाचा वेग वाढविला, आणि त्याबरोबर आवाज चढला, तर तो इंजिनाशीं बांधलेला आहे. उभ्या गाडींत तो मुळींच येत नसेल आणि धांवतांना चाकांच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर दोष टायरांत, चाकांच्या बेअरिंगांत किंवा पुढच्या यंत्रणेंत शोधावा. ही परीक्षा उभ्या गाडीवरच करावी. घाटांतल्या उतारावर गिअर काढून गाडी सोडून देणें हा प्राणावर बेतणारा खेळ आहे. एसी लावतांच आवाज बदलला तर कॉम्प्रेसरकडे, स्टिअरिंग फिरवितांच बदलला तर तेलाच्या पंपाकडे, आणि पुढचे दिवे, मागच्या कांचेची तार व पंखा सर्व एकदम लावल्यावर वाढला तर अल्टरनेटरकडे बोट जातें. कारण तेवढ्यापुरता त्या त्या यंत्रावरचा भार आपण वाढविलेला असतो.

मेस्त्रींनीं हे सर्व प्रयोग मला गाडींत बसवून माझ्याकडूनच करविले. आवाज कशानेंहि फारसा बदलला नाहीं. “म्हंजे काम करनाऱ्यांपैकी कुनी न्हाई,” असें पुटपुटत त्यांनीं एक हातभर लांब लोखंडी सळई घेतली. तिचें एक टोक त्यांनीं चालू इंजिनांतल्या न फिरणाऱ्या भागांवर एकामागून एक टेकविलें, आणि दुसरें टोक कानांत न घालतां कानामागच्या हाडावर धरलें. त्यांना कमी ऐकूं येत होतें, हें माझ्या तेव्हां लक्षांत आलें. परंतु घन पदार्थांतून ध्वनि हवेपेक्षां चांगला वाहतो, आणि हाडांतून तो थेट कानाच्या आंतल्या भागाला पोंचतो. डॉक्टराची नळी फ्रान्समध्यें लेनेक यानें १८१६ सालीं काढली. तीमागील तत्त्वाशीं या सळईचें जवळचें नातें आहे. अल्टरनेटरच्या अंगावर सळई टेकली तेव्हां त्यांनीं मान हलविली नाहीं. पाण्याच्या पंपावरहि नाहीं. आयडलर ज्या बोल्टावर बसविलेली असते, त्या बोल्टाच्या डोक्यावर ती टेकली मात्र, आणि त्यांनीं सळई माझ्या हातीं दिली. त्या सळईंतून मला जें ऐकूं आलें, तें जात्यांत वाळू घालून दळावें तसें होतें.

पुढची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतों. मेस्त्रींनीं इंजिन बंद करविलें आणि म्हणाले, “चावी माज्याकडं द्या.” ती त्यांनीं स्वतःच्या सदऱ्याच्या खिशांत घातली, बॅटरीची तार सोडली, आणि मगच पट्ट्याला हात लावला. गाडी माझी, चालक मी, आणि मी शेजारीं उभा. तरीहि चावी त्यांच्या खिशांत! मला त्याचें किंचित् नवल वाटलें. पट्टा काढतांना त्यांच्या डाव्या हाताकडे माझी नजर गेली, आणि मग नवल वाटलें नाहीं. तर्जनीचें शेवटचें पेर नव्हतें. उमेदवारी करीत असतांना कोणी तरी ‘जरा चालू करून पाहतों’ म्हणून चावी फिरविली होती. एवढेंच त्यांनीं सांगितलें.

पट्टा निघाल्यावर त्यांनीं एकेक पुली हातानें फिरविली. येथें मला असा धडा मिळाला कीं, तो पुस्तकांत असूनहि मीं कधीं नीट वाचला नव्हता. पाण्याच्या पंपाची पुली अर्धा-पाऊण वळसा घेऊन थांबली. टेन्शनरची पुलीहि लगेच थांबली. आयडलर मात्र बोटानें टिचकी मारतांच भोंवऱ्यासारखी सुळसुळ फिरत राहिली. मला वाटलें, हीच सर्वांत निरोगी! मेस्त्री हंसले. चांगल्या बेअरिंगमध्यें दाट वंगण असतें. तें पुलीला थोडें अडवितें, म्हणून ती लवकर व गुपचुप थांबते. वंगण आटलें म्हणजे अडविणारें कांहींच उरत नाहीं. मग पुली पुष्कळ वेळ फिरते आणि फिरतांना कोरडा आवाज करते. ती पुढें-मागें हलवून पाहिली, तर थोडी डुलतहि होती. एवढ्या लहानशा पुलीपायीं मीं पूर्ण चांगला अल्टरनेटर बदलला होता.

नवी आयडलर व नवा पट्टा कोथरुडहून येईपर्यंत दोन तास गेले. एकंदर खर्च अल्टरनेटरच्या मानानें क्षुल्लक झाला. आई बाकावर बसून भाजलेलीं कणसें खात होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ‘मीं सांगितलें नव्हतें का’ असा भाव होता. संध्याकाळीं ताम्हिणींत उतरलों, तेव्हां धो धो पाऊस आणि दाट धुकें होतें. गाडी निमूट चालली होती. त्या दोन तासांची किंमत मला तेथें समजली. ती पुली त्या घाटांत अडकली असती, तर पट्टा जळून तुटला असता. पट्ट्याबरोबर पाण्याचा पंप थांबला असता. आणि सत्तरीच्या वृद्धेला घेऊन आम्हांला त्या अंधारांत, पावसांत, रात्र काढावी लागली असती.

आतां आपल्या उपयोगाच्या कांहीं सूचना. पट्टा घसरतो कीं पुली रेषेबाहेर आहे, हें ओळखण्याची एक साधी युक्ति मेस्त्री लोक करतात. इंजिन चालू असतांना, सुरक्षित अंतरावरून, पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडें पाणी शिंपडतात. आवाज तात्पुरता थांबून पुन्हां आला, तर बहुधा पुली वांकडी आहे. आवाज उलट वाढला, तर पट्टा ढिला असून घसरत आहे. दुसरी परीक्षा म्हणजे पट्टा काढून इंजिन थंड असतांना अर्धा मिनिटभर चालवून पाहणें. आवाज गेला, तर दोष पट्ट्यावरच्या यंत्रांत. राहिला, तर इंजिनाच्या आंत. या वेळीं पाण्याचा पंप थांबलेला असूं शकतो, म्हणून हा प्रयोग लांबवूं नये, आणि तो मेस्त्रीकडूनच करवावा. इंजिनाच्या झांकणाआड पुष्कळ गाड्यांत टायमिंगचा वेगळा पट्टा असतो, व कांहीं गाड्यांत पाण्याचा पंप त्यावरच चालतो. तेथून गुणगुण येत असेल तर एक दिवसहि दवडूं नये. कारण तो पट्टा तुटला, तर कित्येक इंजिनांत झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाचा नाश होतो.

पट्ट्याला तेल, मेण, साबण किंवा फवाऱ्याचें औषध लावून आवाज बंद करण्याचा मोह आवरावा. त्यानें आवाज दबतो, दोष दबत नाहीं. आणि तेलानें रबर फुगून खराब होतें. गिरणीच्या चामडी पट्ट्याला जी राळ मानवत असे, ती या रेघांच्या रबरी पट्ट्याला मानवत नाहीं. तसेंच, ढिला पट्टा वाईट म्हणून अति घट्ट पट्टा चांगला, असेंहि नाहीं. घट्ट पट्टा बेअरिंगांना एका बाजूस ओढून त्यांचें आयुष्य कमी करतो, आणि मग किंकाळीच्या जागीं गुणगुण येते. स्क्रूनें ताणावयाच्या जुन्या पाचरी पट्ट्यासाठीं, सर्वांत लांब भागावर अंगठ्यानें दाबला असतां तो सुमारें अर्धा इंच खालीं जावा, असा नियम होता. आजच्या गाड्यांत तें काम टेन्शनरची स्प्रिंग करते, म्हणून तेथें स्प्रिंग थकली आहे का हेंच पाहावें लागतें.

पट्ट्याला भेगा नाहींत म्हणून तो चांगला, असें समजूं नये. पूर्वींचें रबर जुनें झालें कीं तडकत असे. अलीकडील पट्टे ईपीडीएम नांवाच्या रबराचे असतात. ते सहसा तडकत नाहींत, तर टायराप्रमाणें झिजतात. रेघांमधील खांचा रुंद होतात, पट्टा पुलीच्या तळाला टेकूं लागतो आणि घसरतो. साधारणतः ६० हजार ते १ लाख किलोमीटरांच्या दरम्यान पट्टा बदलावा लागतो. नेमका आंकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत पाहावा. पट्टा बदलतांना आयडलर व टेन्शनर हातानें फिरवून पाहावयास मेस्त्रीला अवश्य सांगावें. नव्या दोरीला जुनी खुंटी बांधण्यांत अर्थ नाहीं.

रस्त्यांत पट्टा तुटलाच, तर तें कसें ओळखावें? बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा लागतो. तेलाचें स्टिअरिंग असल्यास तें एकाएकी जड होतें. आणि थोड्याच वेळांत उष्णतेचा कांटा चढूं लागतो. नुसता बॅटरीचा दिवा लागला तरी उष्णतेच्या कांट्यावर नजर ठेवावी. तो चढूं लागला, तर ‘पुढच्या गांवापर्यंत जाऊं’ असें म्हणूं नये. सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावें. पाण्याविना कांहीं मिनिटें चाललेलें इंजिन हजारो रुपयांचा खर्च मागतें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं असल्यामुळें उकळत्या वाफेसह अंगावर येतें. आणि बॉनेटखालीं डोकावतांना ओढणी, पदर, उपरणें, मफलर, सैल बाह्या व मोकळे केस आवरून घ्यावे. विजेचा पंखा इंजिन बंद केल्यावरहि आपोआप सुरू होऊं शकतो. मेस्त्रींच्या खिशांतली ती चावी आपण सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

रेडिओवरून बोलत आहें, म्हणून एका खास गुणगुणीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कांहीं गाड्यांत इंजिनाबरोबर चढत-उतरत जाणारा बारीक सूर इंजिनांतून नव्हे, तर खुद्द गाडींतल्या रेडिओंतून येतो. अल्टरनेटरची वीज उलटसुलट वाहते. ती डायोडांतून गाळून एकाच दिशेची करावी लागते. नेहमींच्या बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्यें एका फेऱ्याला छत्तीस लाटा उरतात. मिनिटाला २,००० फेरे धरले, तर सेकंदाला सुमारें १,२०० लाटा होतात, आणि तो सूर कानाला स्पष्ट कळतो. रेडिओ बंद करतांच सूरहि बंद झाला, तर बेअरिंगची काळजी करूं नये. जमिनीची तार, जोडण्या व डायोड तपासून घ्यावे. रेडिओ बंद करून गाडीचें ऐकण्याचा हा आणखी एक फायदा!

कोणी म्हणेल, आतां विजेच्या मोटारी येत आहेत, त्यांत हा पट्टाच नाहीं. मग एवढा खटाटोप कशाला? त्यांत हा पट्टा नसतो हें खरें. वातानुकूलनहि तेथें स्वतंत्र विजेच्या मोटारीवर चालतें. पण बेअरिंगें तेथेंहि आहेत, पंप तेथेंहि आहेत, आणि बिघडण्यापूर्वीं आवाज देण्याचा यंत्रांचा प्रामाणिकपणाहि कायम आहे. शिवाय पट्ट्याच्या लक्षावधि गाड्या अजून पुष्कळ वर्षें आपल्या रस्त्यांवर धांवणार आहेत.

पुण्याला वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आहे. तेथें मोटारींच्या आवाजाचीं मोजमापें सूक्ष्म उपकरणांनीं घेतात. आपल्याजवळ तीं उपकरणें नाहींत. पण एक उपकरण आहे आणि तें फुकट आहे. मेस्त्रीला आपली गाडी दहा मिनिटें भेटते. आपल्याला ती रोज भेटते. म्हणून गाडींत एक लहान वही ठेवा. नवा आवाज ऐकूं आला कीं तारीख, किलोमीटरचा आंकडा, आणि त्या पांच प्रश्नांचीं उत्तरें तींत लिहा: थंड कीं गरम, उभी कीं धांवती, एसीनें, वळणानें, दिव्यांनीं फरक पडतो कीं नाहीं. मग ती वही मेस्त्रीच्या हातीं द्या, आणि रोगाचें नांव मात्र त्याला सांगूं नका. तें शोधून काढणें त्याचें काम. लक्ष देऊन ऐकणें हें आपलें.

पिरंगुटहून निघतांना मीं मेस्त्रींना विचारलें, “तुम्हांला कमी ऐकूं येतें, मग हें जमतें कसें?” खिशांतली चावी काढून माझ्या हातावर ठेवीत ते म्हणाले, “कमी ऐकू येतं म्हनून तर नीट ऐकावं लागतं, सायेब.”